समुद्रकाठच्या खानावळीत काय मागवावं, कसं मागवावं: खान्देशातून जाणाऱ्यांसाठी

दिवाळीच्या आणि नाताळच्या सुट्टीत जळगाव, धुळे, नंदुरबारहून गाड्या भरून मंडळी अलिबाग, दिवेआगर, गणपतीपुळे, मालवणला जातात. रात्रभराचा प्रवास आणि राहण्याचा खर्च सोसून जेवायला बसतात, तेव्हा निम्मं ताट तसंच उरतं. मग ‘आपल्याला मासे मानवत नाहीत’ असं ठरतं आणि राहिलेले दिवस पनीर मसाल्यावर निघतात. बहुतेक वेळा दोष माशाचा नसून मागवण्याच्या रीतीचा असतो. आपल्या ढाब्यावर शेवभाजी, मटण, भरीत बारा महिने तेच मिळतं आणि चव मसाल्यावर ठरते. समुद्रकाठच्या छोट्या खानावळीत चव ठरते ती त्या दिवशी बंदरावर काय उतरलं यावर. म्हणून तिथे मेनूकार्ड शेवटी बघायचं. आधी विचारायचं, “काकू, आज काय आलंय?”

“बांगडा आत्ताचा आहे, सुरमई कालची बर्फातली, कोळंबी थोडीच आहे” असं नेमकं उत्तर आलं तर निवांत बसा. “सगळं आहे” असं उत्तर आलं तर जपून मागवा, कारण कुठल्याच बंदरावर एका दिवशी सगळं उतरत नाही. दीडशे पदार्थांचं कार्ड, त्यात पंजाबी, चायनीज आणि शेवटच्या पानावर मासे, अशा ठिकाणी मासा फ्रीझरमधूनच येणार. फळ्यावर खडूनं सात-आठ नावं आणि त्यातली दोन पुसलेली, ही चांगल्या खानावळीची खूण.

बर्फातला मासा म्हणजे शिळा मासा, असं मात्र नाही. मोठ्या ट्रॉलरवरची सुरमई बर्फात राहूनच किनाऱ्याला येते आणि बर्फ पुरेसा असेल तर ती उत्तम लागते. बिघडतो तो वितळलेल्या बर्फाच्या पाण्यात पडून राहिलेला मासा, किंवा एकदा वितळवून पुन्हा गोठवलेला. पुष्कळ ठिकाणी मासा परातीत आणून दाखवतात. नाही आणला तर मागायला संकोच करू नका. डोळे फुगीर आणि स्वच्छ हवेत, कल्ले लाल हवेत, अंग बोटानं दाबलं तर खड्डा लगेच भरून आला पाहिजे. कल्ले तपकिरी झालेले, डोळे आत गेलेले, पोट सैल पडलेलं, असा मासा नको म्हणून सांगा. तुकड्या आधीच मसाल्यात घोळून ठेवलेल्या असतील तर यातलं काहीच कळत नाही. तिथे अख्खाच तळला जाणारा मासा घ्यावा: बांगडा, मुडदुशे, लहान हलवा. ताटात आल्यावरही ताजेपणा ओळखता येतो. ताज्या सुरमईचे ओलसर, मोठे पापुद्रे काट्यापासून आपोआप सुटतात. जुनी सुरमई पिठूळ लागते आणि काट्याला चिकटून राहते. मोरीला, म्हणजे शार्क माशाला, नाकात जाणारा उग्र वास आला तर ती परत करा, तो वास मसाल्यानं जात नाही.

किनाऱ्यावरच्या गावांत सगळ्यात चांगलं जेवण मिळतं ते घरगुती खानावळीत. ओसरीवर चार-सहा टेबलं, स्वयंपाक घरातल्याच बायका करणार, वाढायला मुलगा किंवा सून. अशा घरी दहा माणसं अचानक दारात उभी राहिली तर त्यांची तारांबळ उडते आणि आपलं जेवणही धड होत नाही. दुपारच्या जेवणासाठी सकाळी ९-१० च्या सुमारास फोन करा, रात्रीच्या जेवणासाठी दुपारी ३-४ पर्यंत. किती माणसं, त्यात शाकाहारी किती, लहान मुलं किती, किती वाजता येणार, एवढं सांगितलं की त्या हिशेबानं बाजार होतो. दुपारी साधारण साडेबारा ते अडीच आणि रात्री आठ ते साडेनऊ ही तिथली वेळ. आपल्या मुंबई-आग्रा हायवेवरच्या ढाब्यावर मध्यरात्रीही शेवभाजी मिळते, तसं तिथे होत नाही. उशीर होत असेल तर पुन्हा फोन करून कळवा, कारण मासा तुम्ही आल्यावर तव्यावर पडतो आणि भाकरीही तेव्हाच थापली जाते. काही गावांत मोबाइलला रेंज नीट नसते, तेव्हा जेवणाचे पैसे रोख जवळ असू द्या.

खान्देशी माणसाला अडचण येते ती काट्यांची. तसा तापीचा किंवा उकाई धरणाच्या फुगवट्याचा रोहू-कटला आपल्याकडे खातातच, आणि रोहूच्या मांसात बारीक, दुफाटे काटे भरपूर असतात. रोहू सवयीचा असेल त्याला सुरमई सोपी वाटेल. तिच्या तुकडीत मधला काटा सोडला तर फारसं काही नसतं. पहिल्यांदा खाणाऱ्याला आणि मुलांना सुरमई, पापलेट किंवा हलवा द्यावा. पापलेटचा सांगाडा एका पातीत असतो, वरचं मांस काढलं की तो अख्खा उचलता येतो. मुडदुशे चवीला सौम्य. मांदेली खरपूस तळलेली असेल तर काट्यासकट चावून खातात. ओल्या बोंबलाचा काटा इतका मऊ असतो की तो जाणवतही नाही, पण बोंबील तळण्याआधी वजनाखाली दाबून त्याचं पाणी काढावं लागतं. ते केलं नसेल तर वरून कुरकुरीत दिसणारा बोंबील आतून पाणचट लागतो. कर्ली आणि पाला हे चवीला फार छान, पण काटे केसासारखे. मुलांच्या ताटात ते नकोतच.

बांगडा मात्र शिकून घ्यावा, कारण तो स्वस्त असतो, बहुधा ताजा असतो, आणि किनाऱ्याची खरी चव त्यातच आहे. तळलेला बांगडा ताटात आडवा ठेवा. डोक्यामागून शेपटीपर्यंत मधोमध अंगठ्यानं हलकं दाबत रेघ पाडा. रेघेच्या वरची पट्टी पाठीकडे सरकवा, खालची पोटाकडे. कडेचे काटे कडेलाच राहतात, त्यांना हात लावू नका. वरची बाजू खाऊन झाली की शेपटी धरून मधला काटा डोक्याकडे उचला. तो सलग निघतो आणि खालचं मांस मोकळं राहतं. हे हातानंच जमतं, चमच्यानं मांसाचा चुरा होतो आणि काटे त्यात मिसळतात. घशात काटा अडकलाच तर न चावता भाकरीचा गोळा गिळण्याचा जुना उपाय करू नका, त्यानं काटा आणखी रुततो. खाणं थांबवा, खोकून बघा. टोचणं राहिलं किंवा थुंकी गिळतानाही दुखलं तर सरळ कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे जा.

आता पैशांचं. साध्या मासे थाळीत बहुतेक एक तळलेली तुकडी किंवा एक बांगडा, वाटीभर कालवण, थोडी सुकट किंवा जवळ्याची चटणी, दोन भाकरी किंवा पोळ्या, भात आणि सोलकढी असते. कालवण आणि भात अनेक ठिकाणी पुन्हा वाढतात, तळलेला मासा वाढत नाहीत. दुसरी तुकडी मागितली की तिचे पैसे वेगळे. आपल्याकडे रस्सा मागाल तितका मिळतो, त्या सवयीनं हात पुढे होतो आणि मग बिलावरून वाद होतात. बसतानाच विचारून घ्या, “पुन्हा काय काय मिळेल?” पापलेट, शेवंड (लॉबस्टर), मोठी कोळंबी, खेकडे यांच्यापुढे कार्डावर ‘साइजप्रमाणे’ लिहिलेलं असतं. तिथे मासा बघून, दर नगाचा की वजनाचा ते विचारून, आकडा ठरवून मगच कापायला सांगा. वजन साफ करण्याआधीचं असतं हेही लक्षात ठेवा. डोकं आणि कवच काढल्यावर कोळंबी निम्म्याच्या आसपास उरते, खेकड्यात तर मांस त्याहूनही कमी. अर्धा किलो खेकडे चार जणांना पुरतील या हिशेबानं बसलात तर उपाशी उठाल. खेकडा हातात घेऊन बघावा: आकाराच्या मानानं जड असेल तर भरलेला, हलका आणि पाय दाबल्यावर लवचीक वाटला तर नुकती कात टाकलेला, आत नुसतं पाणी.

सहा माणसांत चौघं मासे खाणारी असतील तर चार सारख्या थाळ्या मागवणं ही चूक. दोन सुरमई थाळ्या, एक बांगडा थाळी, एक प्लेट कोळंबी मसाला, आणि भाकऱ्या वेगळ्या. मधे ठेवून वाटून खाल्लं की प्रत्येकाला तीन चवी मिळतात आणि न आवडलेलं ताट कुणाच्या गळ्यात पडत नाही. सुरमईची तुकडी बोटभर जाडीची हवी. पातळ तुकडी तव्यावर सुकते, मग ती कितीही ताजी असली तरी वाळकीच लागते. तळणं तव्यावरचं, तांदळाच्या पिठात हलकं घोळवलेलं मागा. रव्याचा जाड थर छान दिसतो, पण तेल पितो आणि जुना मासा झाकतो. मासा खरंच ताजा असेल तर त्याला हळद, मीठ, तिखट आणि कोकमाचं आगळ (घट्ट रस) एवढंच पुरतं.

तिखटाबद्दल आमचं मत ठाम आहे. आपला काळा मसाला म्हणजे भाजलेलं सुकं खोबरं, कांदा, खडे मसाले, आणि वर शेंगदाण्याच्या तेलाची तर्री. मटण तो पेलतं, वांगं पेलतं, मासा पेलत नाही. मटण तासभर शिजतं आणि तेवढ्या वेळात मसाला मुरतो. मासा दहा मिनिटांत होतो. म्हणून मालवणकडे ओलं खोबरं, लाल मिरची, धणे, हळद यांचं ताजं वाटण, आंबटपणाला कोकम, आणि बांगड्यासारख्या तेलकट माशाला तिरफळ हे मसाल्याचं झणझणीत फळ. आपण “झणझणीत करा” म्हटलं की तयार कालवणात वरून तिखट पडतं. कच्चं तिखट घशाला लागतं आणि खोबऱ्याची गोडी मरते. तिखटच हवं असेल तर बांगड्याचं तिखलं मागवा. त्यात खोबरं नाहीतर थोडंसंच, मिरची-तिरफळ पुढे, रस अंगाबरोबर. अलिबाग-उरणकडचं आगरी-कोळी कालवणही लसणीचं, पातळ आणि चांगलं तिखट असतं. खान्देशी जिभेला ते लवकर जुळतं. तिरफळाचं टरफल दाताखाली आलं तर जीभ थोडा वेळ झिणझिणते, घाबरायचं कारण नाही, बाजूला काढून ठेवा.

भाकरी तिथे तांदळाची. ती आपल्या ज्वारीच्या किंवा कळण्याच्या भाकरीसारखी गार झाल्यावर चालत नाही. गरम असताना लुसलुशीत, दहा मिनिटांनी चिवट. एकदम सहा मागवून टोपलीत ठेवू नका, दोन-दोन करून घ्या. मालवणकडे उकड्या तांदळाचा भात मिळतो, दाणा जाड आणि पोटाला जड. सवय नसेल तर पहिल्यांदा अर्धीच वाटी. सोलकढी जेवणाच्या शेवटी पितात किंवा भातावर घेतात. आमसुलं भिजवून काढलेला रस किंवा आगळ नारळाच्या दुधात मिसळला की फिकट गुलाबी रंग येतो. भडक गुलाबी दिसली तर रंग किंवा बीट घातलेलं असण्याची शक्यता जास्त. सोलकढी थोडा वेळ राहिली की वर दाट थर जमतो, ती ढवळून प्यावी. आंबूस वास आला तर मात्र सोडून द्यावी. नारळाचं दूध उन्हाळ्यात काही तासांतच बिघडतं.

आपल्या घरांत एक-दोन माळकरी, कुणी जैन शेजारी, कुणाचा वार, असं असतंच. त्यांना “तुम्ही पनीर घ्या” म्हणणं अन्यायाचं आहे, कारण किनाऱ्यावरचं शाकाहारी जेवण स्वतंत्रपणे जाऊन खाण्यासारखं आहे. कुळथाचं पिठलं, काळ्या वाटाण्याची उसळ, वालाचं बिरडं, फणसाची भाजी, कोकमाचं सार, आणि साधारण फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये ओल्या काजूची उसळ. गुहागर, दिवेआगर, गणपतीपुळे भागात निव्वळ शाकाहारी घरगुती खानावळी आहेत. सांगून ठेवलं तर उकडीचे मोदकही करून देतात, पण ते आदल्या दिवशी सांगावं लागतं. मिश्र खानावळीत बसायचं असेल तर तवा आणि तेल वेगळं आहे का, हे आधी विचारा. जिथे एकच तवा आहे तिथे प्रामाणिक माणूस तसं सांगतो, आणि त्या ताटासाठी दुसरी खानावळ बघणं सगळ्यांनाच सोयीचं. कांदा-लसूण नको असेल तर सकाळच्या फोनवरच सांगा, कारण वाटणं तेव्हाच होतात.

महिने बघून जा. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते; माशांच्या प्रजननाचा हा काळ. त्या दिवसांत ताजी सुरमई किंवा पापलेट आहे म्हणणाऱ्याला बर्फ किती दिवसांचा ते विचारा. तेव्हा खाडीतले मासे, खाडीतली कोळंबी, खेकडे आणि सुकी मासळी खावी. ऑगस्टमध्ये समुद्र खुला होतो, पण तोवर श्रावण लागलेला असतो आणि आपल्याकडे घराघरांत कानबाईचे रोट. त्यामुळे आपल्या लोकांसाठी खरा हंगाम ऑक्टोबर ते फेब्रुवारी. मे महिन्यात गर्दी जास्त, मासा कमी आणि महाग. किनाऱ्यालगतच्या काही विहिरींचं पाणी उन्हाळ्यात मचूळ होतं, तेव्हा पिण्याचं पाणी उकळलेलं किंवा बाटलीबंद घ्या. पापलेट हा २०२३ पासून महाराष्ट्राचा राज्य मासा आहे. तळहाताएवढी पापलेटं प्लेटभर मिळाली तरी घेऊ नयेत. ती अजून वाढायची असतात आणि त्यांत काट्यापलीकडे फारसं काही नसतं.

रात्रभर जागून पोहोचल्यावर पहिल्याच जेवणात खेकडे आणि तिसऱ्या (शिंपले) नकोत. आधी तळलेली तुकडी, भात, सोलकढी. कवचाचं खाणं, म्हणजे कोळंबी, खेकडा, तिसऱ्या, आयुष्यात पहिल्यांदा खात असाल तर दोन घास खाऊन थांबा. अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले, श्वास लागला तर ती अ‍ॅलर्जी, लगेच दवाखाना गाठा. बांगडा किंवा सुरमई खाताना जिभेला मिरीसारखं चरचरलं आणि पाठोपाठ चेहरा लाल झाला, डोकं ठणकू लागलं, तर मासा पकडल्यावर उन्हात राहिलेला असतो. त्यात तयार झालेलं हिस्टामिन शिजवूनही जात नाही, तेव्हा तो मासा तिथेच सोडा आणि त्रास वाढला तर डॉक्टरकडे जा. तिसऱ्यांची एकशिपी मागवली असेल तर शिंपलं उघडलेलं असणारच. त्या कच्च्याच विळीवर चिरून मांस एका शिंपीत ठेवलेलं असतं. अख्ख्या शिजवलेल्या शिंपल्यांत मात्र जे उघडलं नाही ते खाऊ नका. दातात वाळू करकरली तर त्या नीट धुतलेल्या नाहीत.

कोकण लांब वाटत असेल त्यांना सुरतचा रस्ता आहे. भुसावळ-जळगावहून अमळनेर, नंदुरबार, नवापूर करत जाणारी रेल्वे थेट तिथे पोहोचवते, आणि आपली तापी सुरतेपुढे डुमसजवळ समुद्राला मिळते. डुमसला बसून जेवण्यापेक्षा गाड्यावरचं खाणं मोठं. टोमॅटोच्या जाड चकतीवर हिरवी चटणी लावून बेसनात तळलेली भजी तिथली खास. ती कढईतून काढल्या काढल्या खावी, पण आतला टोमॅटो फार गरम असतो. मुलांना फोडून द्या. हिवाळ्यात सुरतेला पोंक मिळतो, म्हणजे आपलाच ज्वारीचा हुरडा, लिंबू-मिरीच्या शेवेबरोबर. डाळीच्या पिठात तळलेले त्याचे वडेही चांगले. माशासाठी मात्र थोडं खाली दमण किंवा डहाणूपर्यंत जावं, ओला बोंबील त्या पट्ट्यात फार चांगला मिळतो.

परतताना ताजा मासा नेण्याच्या भानगडीत पडू नका. थर्माकोलच्या पेटीत माशाइतकाच बर्फ, वाटेत पाणी काढून पुन्हा बर्फ, एवढं जमत असेल तरच. न्यायची तर सुकी मासळी न्या. आठवडे बाजारात मिळणारे बोंबील आणि सुकट आपल्या ओळखीचे आहेत, पण किनाऱ्यावर घेतलेले सोडे ही वेगळीच चीज. सोडे म्हणजे सोलून वाळवलेली कोळंबी. महाग असतात, पण मूठभर घातले तरी वांग्याची भाजी बदलून जाते. घेताना एक मोडून बघा. कडक मोडला तर चांगला, वाकला तर ओल राहिलेली आहे, महिनाभरात बुरशी धरेल. रंग फिकट नारिंगी हवा, काळपट नको. मूठ बंद करून उघडल्यावर तळहाताला पांढरी पूड फार लागली तर मीठ जास्त आहे, म्हणजे मिठाचंच वजन मोजताय. गाडीत वास नको असेल तर दोन पिशव्यांत बांधून घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवा. घरी आल्यावर एक दिवस कडक ऊन दाखवा, गार होऊ द्या, मग काचेच्या कोरड्या बरणीत भरा. पावसाळ्याआधी पुन्हा एकदा ऊन दाखवलं तर वर्षभर टिकतात.